लेकरांच्या ताटातलं सांबार

शिर्डीत इडली शोधावी लागत नाही. तेलुगू भाविकांचा ओघ जुनाच. त्यात २००९ मध्ये साईनगर शिर्डी हे रेल्वे स्टेशन झालं आणि पुढे काकीनाडा, विशाखापट्टणम, चेन्नईकडच्या गाड्या थेट इथवर यायला लागल्या. ऑक्टोबर २०१७ मध्ये काकडीच्या माळावर विमानतळ सुरू झालं, तेव्हाच्या मोजक्या विमानांतही हैदराबादचं विमान होतं. मंदिराभोवतीच्या गल्ल्यांत मराठीच्या बरोबरीनं तेलुगू पाट्या दिसतात, ‘आंध्रा मील्स’ लिहिलेलं दिसतं, सकाळी सातलाच सांबाराचा वास येतो. राहाता-शिर्डीच्या लेकरांना त्यामुळे इडली-सांबार पोहे-उपम्याइतकंच ओळखीचं आहे.

पण खाताना काय होतं? मूल इडली मागतं, सांबाराचा पहिला घास घेतं, डोळ्यांत पाणी आणतं. मग आई इडली साखरेशी देते, नाहीतर सांबारात पाणी ओतते. पाणी ओतून तिखट फारसं हटत नाही, चव मात्र पार जाते. काही घरांत लेकरासाठी वेगळं ‘बिनमसाल्याचं सांबार’ होतं. ते म्हणजे चिंच घातलेलं वरण. त्यापेक्षा नुसतं वरण बरं.

लहान मुलांचं सांबार करताना मिरची वजा करायची, मसाला वजा करायचा नाही. धने, जिरे, मेथी, हिंग, कढीपत्ता, खोबरं यांतलं काहीही लेकराच्या तोंडाला झोंबत नाही. झोंबते ती मिरची. आपण ‘मसालेदार’ आणि ‘तिखट’ एकाच दमात म्हणतो, म्हणून मुलांच्या ताटातून दोन्ही एकदम हद्दपार होतात आणि पाच वर्षांचं पोर दहीभात-साखरेपलीकडे जात नाही.

मसाल्याचा वास लेकराला परका नसतोच. आई जे खाते त्याचे वास गर्भजलात आणि पुढे दुधात उतरतात. फिलाडेल्फियाच्या मोनेल संशोधन केंद्रातल्या ज्युली मेनेला यांनी २००१ मध्ये हे गाजरावर दाखवून दिलं. गरोदरपणात किंवा अंगावर पाजताना ज्या आयांनी गाजराचा रस घेतला, त्यांच्या बाळांनी पुढे गाजर घातलेली पेज जास्त आवडीनं खाल्ली. आपल्याकडे बाळंतिणीला मेथी, शेपू, हिंग, ओवा भरपूर देतात. म्हणजे सांबारातली निम्मी मंडळी बाळाला जन्मापासून ठाऊक आहेत.

आधी वयाचं बघू. सहा महिने पूर्ण होईपर्यंत आईच्या दुधाखेरीज काही नाही. त्यानंतर डाळ, भात, एकेक भाजी. आठव्या-नवव्या महिन्यापासून चिमूटभर हळद, जिरे, धने, किंचित हिंग चालतो. मात्र नवा जिन्नस एका वेळी एकच द्यावा आणि दोन-तीन दिवस थांबावं, म्हणजे काही बाधलं तर कशानं ते कळतं. एक वर्षापर्यंत वरून मीठ नको आणि दोन वर्षांपर्यंत साखर-गूळ नको. सांबाराला छान गोलाई आणणारा गुळाचा खडा दोन वर्षांखालच्या लेकराच्या वाटीत येऊ द्यायचा नाही, हे त्यामुळे ओघानंच आलं. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसभराचं सगळं मीठ धरून दोन ग्रॅमच्या वर जाऊ नये, असं ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचं माप आहे. छोट्या चमच्याचा तिसरा हिस्सा, आणि त्यातच बिस्किटं, फरसाण सगळं आलं. मूल अपुऱ्या दिवसांचं असेल, वजन वाढत नसेल किंवा अंगावर इसब असेल, तर मसाल्याआधी डॉक्टरांना विचारा.

हिंगाबद्दल एक सांगायला हवं. दुकानात मिळतो तो बांधणी हिंग. शुद्ध हिंग फार उग्र, म्हणून त्यात गव्हाचं किंवा तांदळाचं पीठ आणि डिंक मिसळतात. लेकराला गव्हाची ॲलर्जी असेल तर डबीवरची घटकांची यादी वाचून हिंग घ्या. मोहरीचीही काहींना ॲलर्जी असते. खाल्ल्यावर ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला, तर घरगुती उपाय करत बसू नका, दवाखाना गाठा.

आता कोणतं सांबार? एकाच नावाखाली दक्षिणेत बरीच घराणी आहेत. (त्याचा जन्म तंजावरच्या मराठी दरबारात झाला ही गोष्ट आपल्याला भारी आवडते. मला मात्र ती पुराव्यापेक्षा कौतुकावरच उभी वाटते, म्हणून इथे बाजूला ठेवते.) तमिळ घरांत बहुधा कोरड्या पुडीचं सांबार, उडुपीकडे ओलं खोबरं वाटून आणि गूळ घालून, आंध्रात तिखटाकडे झुकणारं. तेलुगू घरांत रोजच्याला ‘पप्पुचारू’ करतात. पातळ तुरीची डाळ, चिंचेचं पाणी, शेवगा, भोपळा, कांदा, वर फोडणी. सांबाराची पूड नाही. लेकरांना सुरुवात करून द्यायला ते उत्तम. पण मुलांसाठी सगळ्यांत सोयीचं उडुपी पद्धतीचं, कारण खोबऱ्याचा स्निग्धपणा जिभेला सांभाळून घेतो आणि मसाला ताजा वाटायचा असल्यानं त्यात काय जातं ते आपल्या हातात राहतं.

विकतच्या पुडीत नेमकं ते राहत नाही. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापायचा नियम आहे. पहिल्या दोन-तीन नावांत मिरची किंवा मीठ दिसलं, तर ती पूड मोठ्यांसाठी ठेवा. आपल्या नगरकडचा काळा मसाला किंवा येसरही इथे चालणार नाही. भाकरीबरोबरच्या आमटीला तो राजा, पण त्यात मिरची मुरलेली असते, वेगळी काढता येत नाही. आणि मिरची काढली म्हणून तिच्या जागी मिरे घालण्याचा शहाणपणा करू नका. मिऱ्यांतला झोंबणारा घटक वेगळा, परिणाम तोच.

साईबाबा हंडी शिजवायचे तेव्हा मसाला बाजारातून स्वतः पारखून आणायचे आणि स्वतःच वाटायचे, असं हेमाडपंतांच्या ‘साईसच्चरिता’च्या ३८व्या अध्यायात आहे. सगळा गाव जेवणार त्या हंडीचा मसाला त्यांनी दुसऱ्यावर सोपवला नाही. दोन लेकरांच्या वाटीपुरता आपल्यालाही वाटता येईल.

दोन मोठी माणसं आणि दोन मुलं धरून माप असं. एक मोठा चमचा धने, एक छोटा चमचा हरभरा डाळ, अर्धा छोटा चमचा उडीद डाळ, अर्धा छोटा चमचा जिरे, मेथीचे सहा-सात दाणे, कढीपत्त्याची आठ-दहा पानं, एक ब्याडगी मिरची, तीन मोठे चमचे ओलं खोबरं, छोटा चमचाभर तेल. खोबरेल असेल तर फारच छान, नसेल तर रोजचं.

ब्याडगी कशाला, असं वाटेल. रंगासाठी. कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातली ही सुरकुतलेली मिरची लालभडक रंग देते आणि तिखटपणा बेताचा ठेवते. गुंटूरची तिच्या कितीतरी पट जहाल. मिरचीतला झोंबणारा घटक, कॅप्सेसिन, मुख्यतः आतल्या पांढऱ्या शिरेत असतो. बिया त्या शिरेला चिकटलेल्या असतात म्हणून त्याही तिखट लागतात. मिरची उभी चिरून शीर आणि बिया दोन्ही खरवडून टाका, उरलेलं साल कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा आणि ते पाणी ओतून द्या. दोन वर्षांखालच्या मुलाचं सांबार असेल तर मिरची अजिबात नको. लाली हवीच असेल तर वाटणात बिटाची एक पातळ चकती टाका. ब्याडगीला तिखटपणा नसतोच असं दुकानदार म्हणतो, त्यावर जाऊ नका. वाटलेला मसाला आधी आपल्या जिभेच्या टोकावर ठेवून बघा.

भाजण्यातच सांबार बनतं किंवा बिघडतं. जाड बुडाची कढई, मंद आच. तेलात आधी दोन्ही डाळी टाका, कारण त्यांना वेळ लागतो. त्या बदामी व्हायला लागल्या की धने, मग जिरे. मेथी शेवटच्या अर्ध्या मिनिटात. मेथी काळवंडली की कडू होते आणि मुलांची जीभ कडवटपणाला आपल्यापेक्षा जास्त जागी असते. मोठ्यांना जाणवणार नाही इतक्या कडूपणानं मूल वाटी सारून देतं. गॅस बंद करून कढीपत्ता टाका, तो कढईच्या उष्णतेवर चुरचुरीत होईल. खोबरं सगळ्यांत शेवटी, फक्त परतण्यापुरतं. थंड झालं की थोडं पाणी घालून गंधासारखं बारीक वाटा. सांबारात अख्खा कढीपत्ता आणि भरड धने यांना मुलं थुंकतात, आणि पान घशात चिकटून ठसकाही लागतो. वाटणात गेला की कढीपत्ता कुणी ओळखतही नाही.

हळद शक्यतो सांगलीची हळकुंडं आणून दळून घ्या. सुट्या पुडीला पिवळेपणासाठी शिशाचा रंग मारल्याचे प्रकार देशात सापडलेले आहेत, आणि शिसं मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक असतं. रोज चिमूटभरच जाते, पण रोज जाते.

आता भांडं. लेकरासाठी वेगळं शिजवू नका. दमछाक होते आणि चार दिवसांत बंद पडतं. एकाच भांड्यातून टप्प्याटप्प्यानं वाट्या काढायच्या. तुरीची डाळ अर्धी वाटी, सुमारे शंभर ग्रॅम, अर्धा तास भिजवून हळद आणि चमचाभर तेल घालून चार-पाच शिट्ट्यांवर मऊ करा. आपल्या भागात बोअरचं पाणी जड असलं की डाळ दाणेदार राहते. अशा वेळी पिण्याचं गोडं पाणी वापरा. सोडा घालू नका. डाळ रवीनं घोटून एकजीव करा. दुसऱ्या पातेल्यात दोन वाट्या पाण्यात भाज्या शिजवायला ठेवा. आधी गाजर, शेवगा, कांदा. अर्धवट झालं की डांगर आणि टोमॅटो. चिंच अजून नाही. आंबट पडलं की भाज्या आणि डाळी शिजायला हट्ट करतात.

भाज्या मऊ झाल्या की इथेच पहिली वाटी काढायची. वर्षाच्या आतल्या बाळासाठी घोटलेली डाळ दोन मोठे चमचे, डांगराची एक फोड कुस्करून, वर अर्धा चमचा तूप, हवं तर त्यात तडतडवलेले आणि चुरडलेले जिरे. मीठ नाही, चिंच नाही.

मग सुपारीएवढ्या चिंचेचा कोळ गाळून भाज्यांत घाला आणि कच्चा वास जाईपर्यंत पाच-सात मिनिटं उकळा. त्यात डाळ आणि वाटण घालून मंद आचेवर आणखी पाच-सहा मिनिटं. आता दुसरी वाटी, एक ते दोन वर्षांच्या लेकरासाठी. मिठाचे चार कण बोटानं पेरा, वर तूप. ही वाटी खरं सांबार आहे, वरण नव्हे. धने, मेथी, खोबरं सगळं त्यात आलं. उरलेल्या सांबारात बेताचं मीठ आणि बोराएवढा गूळ घातला की दोन ते पाच वर्षांच्या मुलाची वाटी.

मोठ्यांचं तिखट शेवटी, फोडणीतून. कॅप्सेसिन तेलात विरघळतं, पाण्यात जवळजवळ नाही. म्हणून लाल तिखट आणि सुक्या मिरच्या गरम तेलात टाकून ती फोडणी मोठ्यांच्या भांड्यावर ओतली, तर तिखट पुरेपूर लागतं. कुणाला जेवण फिकं वाटणार नाही. सासऱ्यांना लवंगी हवी असेल तर त्यांच्यासाठी तीही. हाच गुण उलटाही उपयोगी पडतो. सांबार आधीच तिखट झालं असेल तर ढवळू नका. वरचा तवंग पळीनं काढून घ्या, मग खालचं घ्या. थोडंसं घोटलेलं वरण आणि खोबऱ्याचं दूध त्यात मिसळा. निम्मं काम होतं.

भाज्यांत डांगर पहिलं. गोडसर, मऊ, आणि कुणाच्या ना कुणाच्या वेलावर असतंच. दुधी, गाजर, घेवडा चांगले. वांगं काही मुलांच्या ओठांना खाजतं, ते पाहून. छोटे कांदे सांबारात शोभतात, पण अख्खे गोल गुळगुळीत कांदे चार वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतात. चार फोडी करा, मटारही चेचून घाला. शेवग्याची शेंग मुलाच्या हातात देऊ नका. गर चमच्यानं खरवडून सांबारात मिसळा आणि साल-धागे फेकून द्या. पाच वर्षांचं झालं की चोखायला शिकवा, तेव्हा तो खेळच होतो.

बरोबर काय द्यायचं? इडली आहेच, पण रोज कोण आंबवतंय. मऊ गुरगुट्या भात सगळ्यांत सोपा. अकोले तालुक्याच्या आदिवासी पट्ट्यातला तांदूळ मिळाला तर मऊ भात छान होतो. मला स्वतःला मात्र बाजरीच्या ताज्या भाकरीचा पापुद्रा काढून, आतला मऊ भाग सांबारात कुस्करून दिलेला काला सगळ्यांत पटतो. उडुपीचा माणूस बघून कपाळाला हात लावील. लावू दे. चव जमते, पोट भरतं, आणि लेकराला आपली भाकरी आणि परगावचं कालवण एकाच घासात मिळतं. आंध्रात आया डाळ-भात-तूप कालवून त्याचे लहान लहान गोळे हातानं भरवतात, त्याला गोरुमुद्दलु म्हणतात. तिथल्या सरकारनं २०२० मध्ये शाळेतल्या जेवणाला हेच नाव दिलं. आपला चिऊ-काऊचा घास तोच. चमच्यानं भरवण्यापेक्षा हातानं भरवलेलं मूल लवकर स्वीकारतं, कारण घासाची ऊब आणि आकार आईच्या बोटांना कळतो.

पहिल्या दिवशी थुंकलं तर नाराज होऊ नका. नवी चव अंगवळणी पडायला आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा पुढे यावी लागते. दोन चमच्यांपासून सुरू करा, जबरदस्ती नको, बक्षिसाचं चॉकलेट तर मुळीच नको. आधीच्या आठवड्यात वरणात नुसती धन्याची पूड, पुढे खोबरं, मग चिंच, असं हळूहळू नेलंत तर सांबार एक दिवस आपोआप ताटात येतं. आणि चुकून तिखट घास गेलाच, तर पाणी पाजू नका. पाण्यानं झोंबणं तोंडभर पसरतं. दूध, दही किंवा साय द्या. दुधातलं केसिन कॅप्सेसिनला धरून जिभेवरून सोडवतं. वर्षाखालच्या बाळाला गाईचं दूध नको, अंगावर घ्या किंवा चमचाभर दही द्या.

शिर्डीत बाहेर जेवायची वेळ आली, तर तेलुगू जेवणाच्या ठिकाणी मुलासाठी सांबार मागू नका, पप्पू मागा. ती घट्ट डाळ. टोमॅटोची किंवा पालकाची असते आणि सांबारापेक्षा सौम्य, तरी त्यात हिरवी मिरची असते, तेव्हा वाढणाऱ्याला ‘कारम वद्दु’ म्हणा. म्हणजे तिखट नको. भाताला अन्नम, तुपाला नेय्यी, दह्याला पेरुगु. एवढ्या चार शब्दांवर लेकराचं जेवण होतं, आणि वाढणारा माणूस खूश होऊन तूप जरा जास्तच घालतो. सांबार घ्यायचंच झालं तर बादलीतलं वरवरचं घेऊ नका. तवंग तिथेच असतो, न ढवळता खालचं घ्या.

उन्हाळ्यात शिर्डीचा पारा चाळिशी ओलांडतो. खोबरं घातलेलं सांबार अशा दिवसांत ओट्यावर तासाभरापेक्षा जास्त ठेवू नका. मुलांच्या वाट्या काढल्या की उरलेलं थंड करून फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी लागेल तेवढंच काढून खळखळून उकळा, आणि मुलाच्या वाटीत उष्टं राहिलेलं परत भांड्यात ओतू नका. मसाला मात्र आधी करून ठेवता येतो. खोबरं आणि मिरची वगळून बाकी सगळं भाजून कोरडी पूड करा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. पंधरा दिवस वास टिकतो. बरणीवर ‘बिनमिरचीचा’ अशी चिठ्ठी चिकटवा, नाहीतर घरातलं कुणीतरी तो आमटीत टाकून ‘आज जेवणाला चव नाही’ म्हणत बसेल.